सत्तेचाळीस नंबरचा दगड

विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात एक संशोधन सहायक होती. उंचीनं बेताची, बोलणं मोजकं आणि खांद्यावरच्या पिशवीत कायम एक हातोडी, म्हणून विद्यार्थ्यांनी तिचं नावच हातोडी ठेवलं होतं. हे नाव तिच्या पाठीमागेच घ्यायचं असा संकेत होता. पण विभागाचा जिना असा काही बांधला होता, की खाली कुजबुजलेलं वर खणखणीत ऐकू यायचं. तिला नाव माहीत होतं आणि तिची काही तक्रार नव्हती. तिच्या आधीच्या सहायकाला मुलं 'ओला खडू' म्हणायची.

नेमणुकीच्या पत्रात तिचं काम एका ओळीत लिहिलं होतं : अध्यापनात व संशोधनात साहाय्य करणे. त्या एका ओळीत काय काय मावतं हे तिला चार वर्षांत कळलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेणं, त्यांची शहाऐंशी जर्नल्स तपासणं, सरांच्या लेखातल्या आकृत्यांचे नंबर बदलणं, सरांचा विचार बदलला की ते पुन्हा पहिल्यासारखे करणं, पाहुणे व्याख्याते आले की त्यांना हात धुवायची जागा दाखवणं, आणि उरलेल्या वेळात स्वतःची पीएच.डी. उरलेला वेळ बुधवारी दुपारी तीन ते साडेचार असायचा. तेव्हा बहुतेक करून वीज जायची.

घरी आई आणि दादा. आई ओळखीच्या बायकांना सांगायची, "आमची मुलगी युनिव्हर्सिटीत आहे." बायका विचारायच्या, "शिकते की शिकवते?" आई म्हणायची, "दोन्ही." बायका म्हणायच्या, "म्हणजे अजून शिकतेच आहे." मग आई विषय बदलायची. दादा विषय बदलत नसे. तो म्हणायचा, "दगडापेक्षा वीट मऊ. सिव्हिलला गेली असतीस तर आत्तापर्यंत एखादी भिंत तरी उभी राहिली असती."

पण ही जागा तिला अशी-तशी मिळाली नव्हती. विभागात सहायकाची जागा एकच, आणि ती एम.एस्सी.ला पहिला येईल त्याला द्यायची असा नियम. त्या वर्षी दोघांत चुरस होती : हातोडी आणि तिचा वर्गमित्र बांबू. तो खरोखरच बांबूसारखा सरळसोट उंच होता आणि दगड ओळखण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. निकाल लागला तेव्हा हातोडी एका मार्कानं पुढे होती. तिला खुर्ची मिळाली. बांबूनं तिचं अभिनंदन केलं, पेढाही न मागता निघून गेला आणि मामाच्या फरश्यांच्या दुकानात काम करू लागला. त्यानंतर दोघांची भेट नव्हती. एकाच गावात राहून चार वर्षं न भेटण्यासाठी दोघांनाही थोडे कष्ट घ्यावे लागतात. ते दोघांनी घेतले होते.

विभागाच्या प्रयोगशाळेत लाकडी ट्रेमध्ये साठ दगड होते. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि ठिपक्यावर काळा आकडा. परीक्षेला त्यांतले दहा निवडून टेबलावर मांडायचे. घंटा वाजली की विद्यार्थ्यानं पुढच्या दगडापाशी सरकायचं, दोन मिनिटांत तो हाताळायचा, नाव लिहायचं. नाव बरोबर तर दोन मार्क, चूक तर शून्य. उत्तरांची यादी सरांच्या हस्ताक्षरात होती आणि तिच्यावर प्लास्टिक चढवलेलं होतं. सर म्हणजे विभागप्रमुख आणि हातोडीचे गाईड. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. माणूस वाईट नव्हता. कडक होता, आणि आपण कडक आहोत हे सांगायचाही. "दगड खोटं बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. प्लास्टिकखालची यादी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या यादीत सत्तेचाळीस नंबरपुढे लिहिलं होतं : संगमरवर. दगड पांढराशुभ्र, साखरेच्या दाण्यांसारखा खरखरीत, मुठीत मावेल एवढा.

त्या वर्षीच्या सहामाही परीक्षेत दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं सत्तेचाळीसपुढे लिहिलं, 'क्वार्ट्झाइट'. म्हणजे गारगोटीच्या कुळातला दगड : वाळू दबून, भाजून घट्ट झालेला. दिसायला संगमरवराचा जुळा भाऊ, स्वभावानं अगदी उलट. हातोडीनं यादी बघून शून्य दिलं. दरवर्षी दोघं-तिघं हे उत्तर लिहीत आणि दरवर्षी ती शून्य देई.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी पेपर घेऊन आली. जाड चष्मा, वेणी घट्ट, आवाज एकदम हळू.

"मॅडम, एक विचारू? सत्तेचाळीसचा मार्क का गेला?"

"संगमरवर आहे तो."

"पण मॅडम, त्यानं काच कापली जाते. संगमरवरानं नाही ना जाणार?" तिनं खिशातून काचेचा तुकडा काढला. त्यावर एक स्वच्छ ओरखडा होता.

"काच कसली आहे त्यावर असतं ते," हातोडी म्हणाली. हे तिनं आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं होतं आणि त्याला काही अर्थ नव्हता.

"मग ॲसिड टाकून बघू? संगमरवर फसफसेल."

ॲसिडची बाटली टेबलावरच होती. मुलीनं सत्तेचाळीसवर एक थेंब टाकला. थेंब दगडावर बसून राहिला, पाहुण्यासारखा.

"ॲसिड जुनं आहे," हातोडी म्हणाली. हे मात्र विभागातलं वापरून वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य होतं. सत्तेचाळीस नंबर फसफसला नाही की सगळे हेच म्हणत. तिला ते तिच्या सीनियरनं सांगितलं होतं, त्याला त्याच्या सीनियरनं.

मुलीनं मान हलवली. मग तोच ड्रॉपर तिनं बारा नंबरच्या चुनखडीवर धरला. चुनखडी सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. मुलगी ते फसफसणं थांबेपर्यंत बघत राहिली आणि मग अगदी नम्रपणे म्हणाली, "ह्याच्यापुरतं नवीन आहे का, मॅडम?"

हातोडीनं तिला उद्या यायला सांगितलं.

मुलगी गेल्यावर तिनं दाराला कडी घातली. सत्तेचाळीसच्या खालच्या बाजूचा एक कोपरा यंत्रावर कापला, काचेच्या पट्टीवर चिकटवला आणि घासायला बसली. दगडाचा असा काप कागदाहून पातळ करावा लागतो, तेव्हा त्यातून उजेड जातो. तीन तास घासणं चाललं. तिला एवढा वेळ लागायचा नाही. पण काप तयार झाला की बघावं लागणार होतं. शेवटी तिनं तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. खाली राखाडी-पांढरे दाणे एकमेकांत दात रोवून बसलेले. चकती फिरवली की एक विझायचा, दुसरा उजळायचा. संगमरवराचा एक कण औषधालाही नव्हता.

आणि तेव्हा तिला आठवलं. आठवलं म्हणजे विसरली कधीच नव्हती, फक्त मनातल्या त्या कपाटाकडे जात नव्हती. एम.एस्सी.च्या परीक्षेत हाच दगड होता. तिनं त्यावर सुरी ओढली होती आणि सुरी घसरली होती. संगमरवरावर सुरीचा ओरखडा उठतो. इथे उलट सुरीचंच लोखंड दगडावर उमटलं होतं. दोन मिनिटांतलं एक मिनिट ती त्या करड्या रेघेकडे बघत होती. मग तिला सीनियरनं उतरवून दिलेली यादी आठवली : सत्तेचाळीस, संगमरवर. घंटा वाजायच्या आत तिनं तेच लिहिलं.

प्रयोगशाळेत एक काका होते. ते तिथे सरांच्याही आधीपासून होते आणि त्यांनी कधी काहीही टाकून दिलं नव्हतं. त्यांच्या कपाटात बंद पडलेली घड्याळं होती, तुटलेल्या तराजूंची पारडी होती आणि प्रत्येक परीक्षेचे कच्चे मार्कांचे कागद होते. हातोडीनं चार वर्षांपूर्वीचा कागद मागितला. काकांनी तो दोन मिनिटांत काढून दिला.

दगडांच्या रकान्यात, सत्तेचाळीसखाली, तिचे दोन. बांबूचं शून्य. त्याच्या ओळीत बाकी सगळीकडे दोन-दोन होते. एका मार्कानं ती पहिली आली होती. त्याला हे दोन मिळाले असते आणि तिला मिळाले नसते, तर... तिनं कागदाची घडी घातली. हे गणित करायला पीएच.डी. लागत नाही.

"काका, हा दगड कुठून आला?"

काका दगडाकडे बघून खुशीत आले. "हा? हा मीच आणला, ताई. ह्या जागेवरचा मूळचा दगड कपाटं हलवताना पडला, त्याचे तुकडे तुकडे झाले. सर तेव्हा नवीनच होते. म्हणाले, दुसरा पांढरा बघून आणा. मागे बांधकाम चाललं होतं, तिथल्या ढिगात होता. पांढरा आण म्हणाले, पांढरा आणला. बावीस वर्षं झाली की."

त्यांना त्या गोष्टीचा अभिमान होता. एवढी वर्षं टिकलेलं विभागात दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांच्या खोलीत गेली. सर पत्रं वाचत होते.

"सर, सत्तेचाळीस नंबर."

"संगमरवर," सर मान वर न करता म्हणाले.

"क्वार्ट्झाइट आहे, सर. काप केलाय. बघता का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग उठून तिच्यामागून प्रयोगशाळेत आले आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. चकती एकदा उजवीकडे फिरवली, एकदा डावीकडे. शेवटी म्हणाले, "ही भिंगं कुणी पुसत नाही का?"

"काल पुसलीयत, सर."

"हं."

ते स्टुलावर बसले. हातोडीनं त्यांना स्टुलावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, स्टुलं विद्यार्थ्यांची. बसल्यावर ते अचानक साधारण उंचीचे दिसायला लागले.

"मी तो कधी हातातच घेतला नाही," सर म्हणाले. "लांबून पांढरा दिसायचा. मला माहीत होतं ना तो काय आहे." मग म्हणाले, "यादी बदल. ह्या वर्षीच्या पोरांना मार्क दे. मागचं उकरून काय निघणार आहे?"

तिनं काकांकडचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी तो वाचला आणि तिच्याकडे पाहिलं. "तू बसली आहेस तीच फांदी तोडतेस."

"हो, सर."

"त्याला सांगणार आहेस?"

"हो, सर."

"मी सांगितलं तर?"

"सुरी माझी घसरली होती, सर," ती म्हणाली. सरांना ते कळलं नाही, पण त्यांनी विचारलं नाही.

दुकान गावाच्या टोकाला होतं. बाहेर फरश्या भिंतीला टेकवून उभ्या, आत पाण्याचा फवारा मारत कापायचं यंत्र, आणि सगळ्यांवर एक पांढरट थर. बांबूच्या केसांवरही. तो एका गिऱ्हाईकाला समजावत होता, "ही ओट्याला घेऊ नका. लिंबू सांडलं तरी डाग पडेल." गिऱ्हाईक गेलं. त्यानं हात पुसले.

"फरशी हवीय?"

"नाही."

"मग?"

वाटेत तिनं सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तयारी केली होती. प्रत्यक्षात तिनं एवढंच सांगितलं, "सत्तेचाळीस नंबर क्वार्ट्झाइट आहे. काप केला मी."

बांबूनं यंत्र बंद केलं. दुकान एकदम शांत झालं.

"मला त्याच दिवशी माहीत होतं," तो म्हणाला. "निकालानंतर सरांकडे गेलो होतो. दारातूनच म्हणाले, ॲसिड जुनं असेल. मी म्हटलं, जाऊ दे." मग फडक्यानं एकेक बोट पुसत म्हणाला, "आणि तुलाही माहीत होतं. मी तुझ्या मागच्याच दगडावर होतो. तुझी सुरी घसरली ती मी बघितली. मला वाटलं, चला, आता दोघं लिहिणार."

"मी नाही लिहिलं."

"हो. निकालात कळलं."

तिला वाटलं आता तो ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं तिला बसायला एक स्टूल पुढे केलं आणि स्वतः उभाच राहिला.

"मी परीक्षा विभागाला लिहिणार आहे," ती म्हणाली. "आणि तुला काय हवं ते सांग. मला माहीत नाही काय विचारायचं असतं, पण विचारतेय."

"काही नको," बांबू म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. "नाही, थांब. आहे एक. मामा आत आहे. त्याला सांग."

"काय?"

"हेच. चार वर्षं मी त्याला सांगतोय, ही खाण बरी, ती लादी भेगाळेल, ह्या दगडात पाणी मुरतं. तो एकच म्हणतो, तुला दगड कळला असता तर तू पहिला आला असतास. गिऱ्हाइकासमोर म्हणतो."

मामा आतल्या खोलीत पंख्याखाली बसले होते. रुंद, संथ माणूस. हातोडीनं उभ्यानं सगळं सांगितलं : दगड, काका, ॲसिड, सुरी. सुरीचंही सांगितलं. मामांनी सगळं झाल्यावर विचारलं, "म्हणजे हा पहिला?"

"हो."

"आणि तुम्ही दुसऱ्या?"

"हो."

मामांनी विचार केला. "मग इथे तुम्ही यायला हवं होतं," ते म्हणाले. "आणि बाई, तुमचा आवाज बारीक आहे. फरशीच्या धंद्यात चालला नसता." मग बाहेर हाक मारली, "अरे, त्या नव्या खाणीच्या माणसाला काय सांगायचं ते तूच ठरव आता. मला विचारत बसू नकोस."

बांबू दारातच उभा होता. तिला रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "तुझ्यावर राग होता. आहे अजून थोडा. कमी होतो का बघतो."

"बघ," ती म्हणाली.

तिनं परीक्षा विभागाला अर्ज लिहिला, काप आणि कागद जोडून. पाच महिन्यांनी उत्तर आलं : निकालाबाबतच्या तक्रारी निकालापासून पंधरा दिवसांत कराव्यात, आपला अर्ज मुदतीनंतर प्राप्त झाल्याने विचारात घेता येत नाही, सोबतचा दगड परत पाठवीत आहोत. काप वाटेत फुटला होता.

खुर्ची तिच्याकडेच राहिली. तिनं सरांना विचारलं होतं, राजीनामा देऊ का. सर म्हणाले होते, "तू गेलीस तर जागा रिकामी राहील, त्याला मिळणार नाही. शहाऐंशी जर्नल्स कोण तपासेल? दगडाखाली सापडलेला हात झटक्यानं ओढू नये." पण त्याच आठवड्यात ते दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला न सांगता आले. सगळी मुलं ताडकन उभी राहिली. सरांनी सत्तेचाळीस उचलला, म्हणजे बावीस वर्षांत पहिल्यांदा हातात घेतला, आणि त्याच्या वजनानं जरा दचकले.

"हा क्वार्ट्झाइट आहे," ते म्हणाले. "मी ह्याला संगमरवर म्हणत आलो. कितीजणांचे मार्क गेले त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. तुमच्यातल्या एकीनं काच घासली. बाकीच्यांनी यादी पाठ केली. मीही पाठच केली होती." मग "बसा," म्हणाले आणि गेले. चष्मेवाली मुलगी लाजून ट्रेखाली पेन्सिल शोधत राहिली.

बांबूला सरांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. त्यात काय होतं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पीएच.डी.ला नाव घाल, असंही त्यात असावं. कारण त्याचं उत्तर एका ओळीत आलं : दुकान सोडून येता येणार नाही, पण सूक्ष्मदर्शक वापरू दिलात तर सोमवारी येईन.

सोमवारी दुकान बंद असे. पहिल्या सोमवारी तो पिशवीत दहा-बारा फरश्यांचे तुकडे घेऊन आला. त्याचा हात चार वर्षांत जरा जड झाला होता. पहिले दोन काप त्यानं घासता घासता घालवले. तिसरा जमला. तो वाकून बघायला लागला तो उठेचना. हातोडी शेजारच्या टेबलावर जर्नल्स तपासत होती. काका दोनदा दारात येऊन किल्ल्या वाजवून गेले.

"हा बघ," तो म्हणाला. "ही लादी लोक ओट्याला लावतात. आत सगळ्या भेगा आहेत. मी मामाला म्हणत होतोच."

तिनं बघितलं. भेगा होत्या.

त्यानं पुन्हा डोळा लावला आणि तसाच म्हणाला, "तुझा विषय काय आहे गं?"

"नदीकाठच्या गाळाचे थर."

"म्हणजे काय करतेस?"

तिनं सांगायला सुरुवात केली. थर कसे मोजतात, पुराचा थर कसा ओळखतात, तिसऱ्या ठिकाणी थर मधेच का तुटतो, ते तिला दोन वर्षं का कळत नाही. पाऊण तास गेला. चार वर्षांत हा प्रश्न विचारून उत्तर संपेपर्यंत थांबलेला तो पहिलाच माणूस होता. त्याला एका ठिकाणी शंका आली. ती त्यानं विचारली. शंका चांगली होती. तिनं ती जर्नलच्या मागच्या पानावर लिहून घेतली आणि नंतर लक्षात आलं की ते जर्नल एका विद्यार्थ्याचं आहे.